रॉकेट परत आलं, पण पैसे परत आले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉकेट दहा वेळा वापरता येत असेल, तर उड्डाणाचा खर्च दहाव्या हिश्श्यावर का येत नाही? स्पेसएक्सचे इलॉन मस्क म्हणतात दोन-तीन उड्डाणांत पैसे वसूल, प्रतिस्पर्धी रॉकेट कंपनी युनायटेड लाँच अलायन्सचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो म्हणायचे सरासरी दहा तरी हवीत. मग खरं कोणाचं? आणि एवढा फायदा असेल, तर प्रत्येक नवी कंपनी पहिल्या दिवसापासून पुनर्वापराचंच यान का बांधत नाही?

मी अठरा वर्षं प्रक्षेपण यानांच्या खर्चाचे अंदाज काढतोय. इंजिनिअर आराखडा घेऊन येतात आणि मी विचारतो, याला माणसं किती, तास किती, आणि हे वर्षातून किती वेळा करायचं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी सगळ्यात घाईघाईत मिळतं आणि सगळा हिशेब नेमका त्याच्यावर उभा असतो. तुमचे तिन्ही प्रश्नही शेवटी तिथेच जाऊन पोचतात.

विमान एका फेरीनंतर भंगारात टाकलं तर तिकीट किती होईल, हा दाखला या विषयात सगळेच देतात. दाखला चुकीचा म्हणणार नाही, पण अर्धाच आहे. प्रवासी विमान दिवसातून चार-पाच फेऱ्या मारतं. तेच विमान वर्षातून सहा वेळा उडवा. वैमानिक, मेकॅनिक, हँगर, धावपट्टी मात्र बाराही महिने पोसा. विमान एकदाही न फेकता तिकीट कोणालाच परवडणार नाही.

आता आकड्यांकडे येऊ. हे आकडे समजावण्यापुरते मानलेले आहेत, कोणाच्या खातेवहीतले नाहीत. वाटणी मात्र मस्क यांनी स्पेसएक्सच्या फाल्कन ९ या रॉकेटबद्दल जाहीरपणे सांगितलेल्या ढोबळ प्रमाणाला धरून आहे. फेकून द्यायच्या रॉकेटच्या एका उड्डाणाचा खर्च १०० धरू. त्यात पहिला टप्पा म्हणजे बूस्टर ६०, वरचा टप्पा २०, उपग्रहावरचं टोपीसारखं आवरण १०, आणि प्रत्यक्ष उड्डाणाचा खर्च १०. इंधन या शेवटच्या दहात आलं, आणि त्यातही ते किरकोळच.

बूस्टर परत आणायचा म्हटला की त्याला पाय आले, दिशा देणारे जाळीदार पंख आले, जादा संगणक आणि व्हॉल्व्ह आले. ६० चा बूस्टर ७० ला पडला असं धरा. दर खेपेला तपासणी-दुरुस्तीचे १०, बूस्टर ज्यावर उतरतो तो समुद्रातला तराफा आणि त्यावरच्या माणसांचे ५. वरचा टप्पा, आवरण आणि उड्डाणाचा खर्च मिळून ४० दर वेळी नव्याने लागतातच. म्हणजे उड्डाणामागे ५५ पक्के, वर ७० भागिले उड्डाणांची संख्या. दोन उड्डाणांची सरासरी ९०, दहांची ६२. बूस्टर अमरपट्टा घेऊन आला तरी ५५ च्या खाली उतरायची सोय नाही. दहाव्या हिश्श्याचं स्वप्न इथेच संपलं, कारण आपण पूर्ण रॉकेट वाचवत नाही, त्याचा एक मोठा तुकडा वाचवतो.

यात अजून एक वजाबाकी राहिली. परत उतरायला इंधन राखून ठेवावं लागतं, त्यामुळे वर नेता येणारं वजन घटतं. मस्क यांनी २०२० मध्ये ही घट ४० टक्क्यांच्या आत सांगितली होती. आपण ३५ धरू. ग्राहकाचा उपग्रह उरलेल्या क्षमतेत आरामात बसत असेल, तर ही घट तुम्हाला टोचतच नाही. तुम्ही उड्डाण विकता आणि दुसऱ्याच उड्डाणात पुढे असता. पण क्षमता काठोकाठ भरून किलोच्या भावाने विकत असाल, तर १०० किलोला १०० च्या जागी ६५ किलोला ६५ खर्च अशी बरोबरी व्हायला सात उड्डाणं लागतात. आता याच गणितात दुरुस्तीचे १० बदलून बघा. ५ धरले तर पाच उड्डाणांत पार. १५ धरले तर चौदा!

म्हणून 'दोन की दहा' या वादात कोणीतरी खोटं बोलतंय असं समजू नका. दोघांची गृहीतकं वेगळी आहेत आणि सगळ्यात जास्त ताणली जाणारी गृहीतकं म्हणजे दुरुस्तीचा खर्च आणि क्षमतेतली घट. शिवाय प्रत्येक बूस्टर परत येतोच असं नाही. दहा उड्डाणांचं आयुष्य ठरवलं आणि प्रत्येक वेळी सुखरूप उतरण्याची शक्यता ९० टक्के असली, तर बूस्टरमागे सरासरी दहा उड्डाणं मिळत नाहीत, साडेसहाच मिळतात. वर आपल्याला सात हवी होती.

दुरुस्तीच्या त्या आकड्यावर जरा थांबतो, कारण माझे हात तिथेच पोळलेत. एका प्रकल्पात परत आलेल्या इंजिनाच्या तपासणीला मी ३०० तास धरले होते. लागले ९०० च्या वर. इंजिन खराब झालं होतं म्हणावं, तर तसंही नाही. इंजिन ठणठणीत होतं. त्यात एक तापमापक तपासायचा होता. तो पंपाच्या मागे, हात जेमतेम मनगटापर्यंत जाईल अशा बेचक्यात बसवलेला. त्याच्यापर्यंत पोचायला एक नळी सोडवावी लागायची. नळी सोडवली की जोड उघडला. जोड उघडला की सील नवं. सील नवं की हेलियम भरून गळतीची चाचणी. चाचणी चालू असताना आसपास माणूस नको, म्हणून शेजारचं काम बंद. शेवटी कागदावर तीन जणांच्या सह्या, आणि त्यातला एक हमखास जेवायला गेलेला. पंधरा मिनिटांच्या कामाला दीड दिवस लागायचा. हे इंजिन एकदाच उडणार असं धरून आराखडा काढला होता, आणि एकदाच उडणाऱ्या इंजिनात तो तापमापक अगदी योग्य जागी होता.

तेव्हापासून मी 'हा भाग किती वेळा वापरता येईल' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, हा भाग चांगला आहे की नाही, हे त्याला हात न लावता कळेल का? बोअरस्कोप म्हणजे आतलं दाखवणारी बारीक नळी आत घालून टर्बाइनची पाती बघता येत असतील, किंवा उड्डाणातल्या मोजमापांवरूनच निकाल लागत असेल, तर दुरुस्तीचा खर्च आटोक्यात राहतो. उघडून बघावं लागत असेल तर राहत नाही. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनात काजळी धरते हीसुद्धा याच जातीची कटकट. स्पेसएक्सचं रॅप्टर आणि ब्लू ओरिजिनचं बीई-४ ही नवी इंजिनं मिथेनवर गेली, त्यात इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

नासाच्या स्पेस शटल या पुन्हा वापरायच्या यानाची गोष्ट याच चष्म्यातून बघा. १९७२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, तेव्हाच्या नियोजनात वर्षाला पन्नास-साठ उड्डाणांपर्यंतच्या गोष्टी होत्या. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या तीस वर्षांत मिळून १३५ उड्डाणं झाली. सगळ्यात चांगलं वर्ष १९८५, त्यात नऊ. अंगावर चोवीस हजारांच्या आसपास उष्णतारोधक टाइल्स, जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा नंबर. त्या हाताने चिकटवायच्या आणि हातानेच तपासायच्या. मुख्य इंजिनं काढून तपासली जायची. बाहेरची मोठी टाकी तर दर वेळी नवीच. एकच यान पुन्हा उडवण्याचा सगळ्यात जलद विक्रम अटलांटिसचा, १९८५ मधला: एका उड्डाणापासून पुढच्या उड्डाणापर्यंत ५४ दिवस. मूळ स्वप्न होतं दोन आठवड्यांचं. धावपट्टीवर उतरायचं ते यानाच्या रूपातलं पुढच्या काही महिन्यांचं काम.

पूर्ण कार्यक्रमाचा खर्च १३५ ने भागला तर उड्डाणामागे साधारण दीड अब्ज डॉलर पडतात. पण एक जादा उड्डाण करायला लागणारा खर्च याच्या कितीतरी खाली होता. मधला फरक कशाचा? हजारो माणसांच्या पगाराचा, इमारतींचा, यंत्रणा जिवंत ठेवण्याचा. हा खर्च वर्षात चार उड्डाणं झाली तरी होता आणि नऊ झाली तरी होता. म्हणून 'शटलने सिद्ध केलं की पुनर्वापर परवडत नाही' असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. शटलने एवढंच दाखवलं की वर्षाला पाच-सहा उड्डाणं करणारी पुनर्वापराची यंत्रणा परवडत नाही. आणि चॅलेंजर आणि कोलंबियाच्या अपघातांत चौदा माणसं गेली, त्याचबरोबर अगदी मोजक्या यानांच्या ताफ्यातलं एकेक यान कायमचं गेलं. ताफा लहान असला की असा धक्का भरून निघत नाही.

हा स्थिर खर्च आता आपल्या मानलेल्या गणितात घाला. वर्षाला ३०० धरू. पाच उड्डाणं केली तर प्रत्येकावर ६० चा बोजा, तीस केली तर १० चा. बूस्टर दहा वेळा वापरून आपण १०० चे ६२ केले, म्हणजे ३८ वाचवले. उड्डाणांची संख्या पाचावरून तीसवर नेऊन ५० वाचले. मला तरुणपणी कोणीतरी हा तक्ता दाखवायला हवा होता.

आणि यात विकासाचा खर्च अजून आलेलाच नाही. पुनर्वापराच्या तंत्रावर जादा १००० खर्च झाले असं धरा, म्हणजे दहा रॉकेटांइतके. हे पैसे आधी जातात आणि बचत काही वर्षांनी सुरू होते. गुंतवणूकदाराला १२ टक्के परतावा हवा असेल आणि सरासरी तीन वर्षं पैसे अडकले, तर पहिल्या बचतीच्या दिवशी ते १००० चे १४०० झालेले असतात. वर्षाला पाच उड्डाणं असतील तर बचत १९०, आणि नुसतं व्याजच १६८. मुद्दल फिटायला जवळपास एकोणीस वर्षं. तोवर ते रॉकेटच जुनाट झालेलं असतं. वर्षाला तीस उड्डाणं असतील तर बचत ११४०, आणि दीड वर्षाच्या आत सगळं फिटतं. तंत्रज्ञान तेच, बूस्टर तोच. बदलली ती फक्त मागणी.

२०१८ मध्ये एरियान ग्रुप या युरोपीय रॉकेट कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अलेन शार्मो एका मुलाखतीत म्हणाले होते की युरोपात वर्षाला दहा उड्डाणांची हमी असेल आणि रॉकेट दहा वेळा वापरता येत असेल, तर आम्ही वर्षाला एकच रॉकेट बांधू, आणि मग कामगारांना काय सांगायचं, पुढच्या वर्षी भेटू? यावरून त्यांची बरीच थट्टा झाली. मला त्यात हसण्यासारखं फारसं वाटलं नाही. कारखाना वर्षाला एकच नग काढतो तेव्हा त्या एका नगाची किंमत भयंकर वाढते, माणसांच्या हाताची सवय मोडते, आणि सुटे भाग देणारे पुरवठादार दुसरं काम बघतात. दहा उड्डाणांच्या बाजारात त्यांचं गणित बरोबर होतं. चूक झाली ती बाजार दहाचाच राहील असं धरण्यात.

स्पेसएक्सने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही हिशेबाच्या अंगाने बघण्यासारख्या आहेत. पहिली: उतरण्याचे प्रयोग ग्राहकाच्या पैशावर केले. ग्राहकाने फेकून द्यायच्या रॉकेटचं पूर्ण भाडं मोजलेलं असायचं. टप्पा वेगळा झाला की बूस्टर तसाही भंगारच. त्याच्यावर उतरण्याचा सराव करायचा, आपटला तर आपटला, उपग्रह वरच्या टप्प्याबरोबर आधीच पुढे निघालेला असायचा. डिसेंबर २०१५ मध्ये पहिला बूस्टर उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला. पुनर्वापरावर साधारण एक अब्ज डॉलर लागले असं मस्क यांनी तेव्हा सांगितलं होतं. प्रत्येक प्रयोगासाठी वेगळं रॉकेट बांधावं लागलं असतं, तर हा आकडा काय झाला असता याचा विचारच नको.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची: मागणी मिळेना, तर त्यांनी ती घरातच तयार केली. २०१९ पासून स्टारलिंक या स्वतःच्या इंटरनेट सेवेचे उपग्रह सोडायला लागले. २०२४ मध्ये फाल्कनची १३४ उड्डाणं झाली, त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास स्टारलिंकची. स्वतःच दुकानदार आणि स्वतःच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. काही बूस्टर आता तीस उड्डाणांच्या पलीकडे गेलेत. सगळ्यात जास्त वेळा उडालेल्या बूस्टरवर बहुधा स्टारलिंकच चढवलेले दिसतात, हेही साहजिक आहे. नवा धोका आधी आपल्याच मालावर घ्यायचा.

तुम्ही 'यान' म्हणालात, आणि मी आत्तापर्यंत बूस्टरबद्दलच बोलतोय. फरक मोठा आहे. बूस्टर वेगळा होतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटर असतो. कक्षेतल्या यानाचा वेग ७.८. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दर किलोमागे बारापटीच्या आसपास ऊर्जा उतरताना जिरवायची. त्यासाठी उष्णतेचं कवच हवं, आणि वरच्या टप्प्यावर चढवलेला प्रत्येक किलो थेट तुमच्या मालातून एक किलो कापतो. बूस्टरवर वाढवलेल्या किलोचा फटका त्या मानाने बराच कमी बसतो. म्हणून फाल्कनचा वरचा टप्पा आजही फेकलाच जातो. स्पेसएक्सच्या स्टारशिप या नव्या, मोठ्या रॉकेटमध्ये हे कोडं सोडवायचा प्रयत्न चाललाय. त्याचा बूस्टर ऑक्टोबर २०२४ मध्ये मनोऱ्याच्या हातांनी झेलला गेला आणि मे २०२५ मध्ये एक वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला. वरच्या यानाच्या टाइल्सचं काय होतं, त्यावर माझ्या मते त्या सगळ्या गुंतवणुकीचा निकाल ठरेल.

कुपीसारख्या यानांचं गणित मात्र वेगळं आणि चक्क सोपं आहे. माणसं परत आणायची म्हणजे कवच, पॅराशूट, सगळं नेणं भागच असतं. परतीचा खर्च आधीच भरलेला. मग पुन्हा वापरण्याचा खर्च म्हणजे फक्त समुद्रातून काढून दुरुस्त करणं. शिवाय असं यान बांधायला वर्षं लागतात. म्हणून स्पेसएक्सच्या ड्रॅगन या कुपीमध्ये पुनर्वापर थोड्या उड्डाणांतही परवडतो: मालवाहू ड्रॅगन २०१७ मध्ये पुन्हा उडाला, माणसांचा २०२१ मध्ये. मागचा नळकांड्यासारखा भाग तिथेही दर वेळी नवा.

लहान रॉकेटांची गोष्ट याच्या उलट. पाय, पॅराशूट, राखीव इंधन यांचं वजन रॉकेटच्या आकाराबरोबर लहान होत नाही. ३०० किलो नेणाऱ्या रॉकेटमधून शंभर किलो त्यासाठी काढले तर विकायला उरतं काय? रॉकेट लॅब या कंपनीने इलेक्ट्रॉन या आपल्या लहान रॉकेटसाठी पॅराशूट, हेलिकॉप्टरने झेलणं, समुद्रातून उचलणं असं बरंच करून बघितलं. २०२३ मध्ये एक वापरलेलं इंजिन पुन्हा उडवलंही. पण पुनर्वापरासाठी म्हणून त्यांनी न्यूट्रॉन हे मोठं रॉकेटच वेगळं बांधायला घेतलं, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे.

मग नव्या कंपनीने काय करावं? हे खरोखर परिस्थितीवर आहे. सरकारचं वर्षाला चार-पाच उड्डाणांचं काम, दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नाही एवढाच हेतू, बाहेरचं गिऱ्हाईक नाही: अशा वेळी साधं, फेकून द्यायचं रॉकेट बांधा आणि लाजू नका. मोठी मागणी दिसत असेल, निदान वर्षाला पंधरा-वीस उड्डाणांची, तर आराखडा पहिल्यापासून पुनर्वापराचा ठेवा. इंजिन पुन्हा पेटणारं, तापमापक हाताला लागतील असे, पाय बसवायची जागा राखलेली. आणि पहिली काही उड्डाणं तरीही फेकून द्यायच्या भावाने विका. ती उड्डाणं झेपली नाहीत, तर उतरवायला काही उरणारच नाही. मागणी स्वतः निर्माण करू असं कोणी सांगत असेल, तर त्या दुसऱ्या धंद्याचा हिशेबही मागून बघा. बहुतेक वेळा तो रॉकेटपेक्षा महाग असतो.

राहता राहिलं तिकीट. खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाल्कन ९ च्या एका उड्डाणाची जाहीर किंमत काही वर्षांपूर्वी ६.२ कोटी डॉलर होती. २०२४ मध्ये ती ७ कोटींच्या जवळ गेली. मधल्या काळात बूस्टर दोन वेळांवरून वीस-बावीस वेळा उडायला लागले, आतला खर्च नक्कीच घटला. महागाई वजा केली तर किंमतही किंचित उतरली म्हणता येईल, पण तेवढंच. वाचलेले पैसे विक्रेत्याकडे राहिले, कारण तेवढ्या वजनाला, हव्या त्या महिन्यात, दुसरीकडे जागाच मिळत नव्हती. ब्लू ओरिजिनने नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू ग्लेन या आपल्या रॉकेटचा बूस्टर उतरवला. असे बूस्टर किती लवकर आणि किती कमी माणसांच्या हातून पुन्हा पुन्हा उडायला लागतात, हे मी बघत बसलोय. ग्राहकाचं बिल त्याच्या आधी फारसं उतरेल असं मला वाटत नाही.